गरोदरपणातली पोटदुखी : पाचव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत

गरोदरपणात पोटात दुखणे इतके सर्रास असते की त्याविषयी विचारायलाही संकोच वाटतो, आणि त्यांतली मोजकी दुखणी इतकी गंभीर असतात की न विचारणे धोक्याचे ठरते. माझ्या पहिल्या गरोदरपणात वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांनी दुखले. त्यासाठी दोनदा तातडीने तपासणीला जावे लागले आणि एक रात्र प्रसूती विभागात काढावी लागली. मी डॉक्टर नाही आणि हे लेखन तपासणीची जागा घेऊ शकणार नाही. पण तिथे गेल्यावर काय विचारतात, कशासाठी थांबवून ठेवतात, कोणते कागद मागतात आणि अहवालातल्या शब्दांचा अर्थ काय असतो हे आधी ठाऊक असते तर माझी निम्मी भीती कमी झाली असती, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. घरी केलेली चाचणी काही दिवसांपूर्वीच सकारात्मक आली होती आणि पहिल्या तपासणीची वेळ आणखी दोन आठवड्यांनंतरची मिळाली होती. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर मला पाचवा आठवडा संपत आला होता. ओटीपोटात डाव्या बाजूला बोथट दुखू लागले, बसले तरी आणि आडवे पडले तरी. पाळीच्या वेळी दुखते तसे दोन्ही बाजूंना असते तर कदाचित मी थांबले असते, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत तसे हलके दुखणे पुष्कळ जणींना होते. एकाच बाजूला सतत दुखत होते म्हणून दवाखान्यात फोन केला. फोनवरच्या सिस्टरांनी विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात, कारण त्यांतल्या एकाचा पोटाशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. अंगावर जाते आहे का, चक्कर येते का, शौचाला जोर लागल्यासारखे वाटते का, आणि खांद्याच्या टोकाला दुखते का. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला आणि नळी फाटून पोटात रक्तस्राव झाला, तर ते रक्त श्वासपटलाला टोचते आणि वेदना खांद्यात जाणवते, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. माझी सगळी उत्तरे नकारार्थी होती, तरीही त्यांनी त्याच दिवशी यायला सांगितले आणि एकटीने गाडी चालवत येऊ नका, असे बजावले.

स्वागतकक्षात भरायला दिलेल्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख, पाळी किती दिवसांच्या अंतराने येते, आधीची शस्त्रक्रिया, चालू औषधे आणि रक्तगट एवढे विचारले होते. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असेल आणि रक्तस्राव झाला असेल, तर काही परिस्थितींत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, म्हणून हा रकाना रिकामा ठेवू देत नाहीत. जुना अहवाल फोनमध्ये जपून ठेवलेला असेल तर त्या घाईत रक्त पुन्हा तपासून घेण्याचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचतात. तातडीची तपासणी, सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या यांचे शुल्क स्वतंत्र असते आणि पावत्याही वेगळ्या निघतात, तेव्हा विमा असो वा नसो, प्रत्येक पावतीवर तपासणीचे कारण लिहून घेतलेले बरे.

डॉक्टरांनी पहिल्यांदा एकच गोष्ट करायला सांगितली : “जिथे सर्वांत जास्त दुखते ती जागा एका बोटाने दाखवा.” मी तळहात फिरवायला लागले तेव्हा त्यांनी थांबवले आणि पुन्हा एका बोटाने दाखवायला सांगितले. ज्या दुखण्यावर बोट ठेवता येते आणि ज्यासाठी सगळा हात फिरवावा लागतो, त्या दोन्हींची कारणे बहुधा वेगळी असतात, असे त्या म्हणाल्या. दुखणे कधी सुरू झाले, वाढते आहे की तेवढेच आहे, कशाने थांबते आणि त्याच्या जोडीला आणखी काय होते, हेही त्यांनी विचारले. पुढच्या आठ महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरने आणि सिस्टरने थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारले.

सोनोग्राफीला भरलेल्या मूत्राशयाने जावे असे ऐकून मी भरपूर पाणी पिऊन बसले होते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा उपयोग होतो. पण इतक्या लहान गर्भाचे स्पष्ट चित्र योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मिळते आणि तिच्यासाठी मूत्राशय रिकामे लागते. त्यामुळे कोणती सोनोग्राफी आहे हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ही तपासणी दुखत नाही, थोडे अवघडल्यासारखे वाटते. तपासणाऱ्या व्यक्तीकडून आधी सगळे समजून घेता येते, मध्येच थांबायला सांगता येते आणि सोबतीला कोणी हवे असेल तर तसेही सांगता येते.

गर्भपिशवी गर्भाशयातच होती आणि तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोषण देणारी छोटी पिशवी, दिसत होती, म्हणजे गर्भ नळीत असल्याची शंका जवळजवळ मिटली. डाव्या बीजकोषावर एक छोटी गाठ दिसली. ज्या जागेतून बीज बाहेर पडते तिथे कॉर्पस ल्युटियम तयार होते, वार (प्लासेंटा) तयार होऊन काम हाती घेईपर्यंत गर्भाला लागणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तेच पुरवते, आणि कधी कधी त्यात पाणी साठून गाठीसारखे दिसते. एका बाजूच्या दुखण्याचे कारण बहुधा तेच होते. अशी गाठ सहसा काही आठवड्यांत आपोआप विरते. मात्र अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर बीजकोषाला पीळ पडलेला असू शकतो, त्या वेळी क्षणभरही थांबायचे नाही, असे डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितले.

पण हृदयाचे ठोके अजून दिसत नव्हते. अहवालात ‘गर्भाच्या जीवनक्षमतेविषयी अनिश्चितता’ अशा अर्थाची ओळ होती आणि दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करण्याची सूचना होती. ती ओळ वाचून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी तारखेवर बोट ठेवून सांगितले की या दिवसांत ठोके न दिसणे अगदी स्वाभाविक असते. अहवाल लिहिणाऱ्याने जे दिसले तेवढेच लिहायचे असते आणि जे दिसले नाही त्याविषयी आश्वासन द्यायचे नसते. रक्तातले एचसीजी (गरोदरपणात वाढणारे संप्रेरक) दर दोन दिवसांनी तपासावे का, असे मी विचारले. गर्भ नेमका कुठे आहे हे सोनोग्राफीत कळत नाही तेव्हा त्या तपासणीचा खरा उपयोग. तुमच्या बाबतीत जागा कळली आहे, त्यामुळे आकडे पाहून नुसती धास्ती वाढेल, असे त्या म्हणाल्या.

तो काळ मला सगळ्यात कठीण गेला. करण्यासारखे काहीच नव्हते. पूर्ण अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकण्याला मदत होते असे दिसून आलेले नाही, म्हणून रोजची कामे चालू ठेवायला सांगितले होते आणि मी ती ठेवली, पण प्रत्येक वेळी स्वच्छतागृहात गेल्यावर आधी रक्ताचा डाग आहे का ते पाहत होते. आईला अजून काही सांगितले नव्हते. त्या दिवसांत सांगितले. जानेवारीच्या शेवटी दुसरी सोनोग्राफी झाली, पडद्यावर एक बारीक ठिपका लुकलुकताना दिसला, आणि नवऱ्याला डॉक्टरांना काय विचारायचे होते ते तो विसरून गेला.

त्याच भेटीत डॉक्टरांनी दुखण्याची नोंद ठेवायला सुचवले आणि मी फोनमध्ये ती सुरू केली : तारीख, आठवडा, जागा, किती वेळ, कशाने सुरू झाले, कशाने थांबले, सोबत काय होते. रोज लिहायचे नाही, दुखले तरच लिहायचे. नोंद करून ठेवली की ते डोक्यातून उतरते आणि रात्री उगाच आठवत बसावे लागत नाही, हा मला मिळालेला पहिला फायदा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यांतले दुखणे आतड्यांचे होते. प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो, बद्धकोष्ठता होते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती आणखी वाढते. पोटभर मुरडा येई आणि शौचाला झाले की उतरे; नोंदीत हे इतके स्पष्ट दिसत होते की डॉक्टरांनी ती पाहिल्यावर वेगळी तपासणी केली नाही. पाणी आणि तंतुमय आहार वाढवला, थोडे चालणे वाढवले, लोहाची गोळी बदलून घेतली आणि काही दिवस त्यांनी लिहून दिलेले शौच मऊ करणारे औषध घेतले. जळजळीसाठी आम्लनाशक घेत असाल तर ते आणि लोहाची गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही.

एप्रिलच्या मध्यावर, एकोणिसाव्या आठवड्यात, एका रात्री कूस बदलताना उजव्या जांघेपासून वर ओटीपोटात अशी तीव्र सणक गेली की मी ओरडलेच. काही सेकंदांत ती गेली. दुसऱ्या दिवशी शिंकताना पुन्हा आली, नंतर खुर्चीवरून पटकन उठताना आली. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे गोल अस्थिबंध जांघेपर्यंत गेलेले असतात. गर्भाशय वाढताना ते ताणले जातात आणि झटक्याने हालचाल झाली की अशी सणक येते. यावर औषध लागत नाही. गुडघे जुळवून सगळे अंग एकदम वळवत कूस बदलणे, शिंक किंवा खोकला येण्याच्या बेतात असताना थोडे पुढे वाकून मांड्या पोटाजवळ घेणे, आणि उठताना आधी एका अंगावर होऊन हाताचा आधार घेणे, एवढ्याने फरक पडला. वेदनाशामकांविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात सहज सापडणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीवरही. पॅरासिटामॉल लागलेच तर तेही मात्रा विचारून घ्यावे.

यानंतर बरेच आठवडे शांततेत गेले. सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास अधूनमधून पोट ताठायला लागले, दुखत नसे, थोडी विश्रांती घेतली की सैल होई. यांना ब्रॅक्स्टन हिक्स किंवा सराव कळा म्हणतात हे मला माहीत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एकतिसावा आठवडा चालू असताना, एका संध्याकाळी पोट नेहमीपेक्षा जास्त वेळा ताठू लागले. पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, तासभर वाट पाहिली. कळा थांबण्याऐवजी ठरावीक अंतराने यायला लागल्या आणि कंबरेत जडपणा आला. नवऱ्याने वेळा लिहायला घेतल्या. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर धरायचे असते, मधल्या मोकळ्या वेळाचे नव्हे. अंतर दहा मिनिटांच्या आत आल्यावर मी प्रसूती विभागाला फोन केला. ३७ आठवड्यांआधी कळा नियमित येत असतील, पाणी गेले असेल, रक्त दिसले असेल किंवा बाळाची हालचाल कमी झाली असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही हे आधीच्या भेटीत सांगितलेले होते.

रात्री साडेअकराला पोहोचलो. मुख्य दारावर तातडीच्या विभागाकडे पाठवू लागले तेव्हा नवऱ्याने सांगितले की ही सात महिन्यांची गरोदर आहे आणि प्रसूती विभागाला फोन केलेला आहे. मग थेट वर नेले. हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण गरोदरपण पुढे गेलेले असेल तर पुष्कळ रुग्णालयांत थेट प्रसूती विभागात घेतात आणि मधला अर्धा तास वाचतो.

तिथल्या सिस्टर मध्यमवयीन होत्या. त्यांनी यंत्राकडे वळण्याआधी पोटावर तळहात ठेवला आणि काही न बोलता दोन-तीन कळा होऊ दिल्या. मग माझाच हात घेऊन आधी माझ्या गालाला लावला, मग नाकाच्या शेंड्याला, मग कपाळाला. “गालासारखे लागते तेव्हा पिशवी सैल असते, नाकासारखे लागले तर हलकी कळ, कपाळासारखे लागले तर जोराची. आता तुम्हीच सांगा, ताई.” माझ्या कळा नाकासारख्या होत्या. त्या स्पर्शाने मला जेवढा धीर आला तेवढा नंतरच्या कोणत्याही आकड्याने आला नाही.

मग पोटाला दोन पट्टे बांधले, एक बाळाचे ठोके ऐकणारा आणि दुसरा पोट ताठल्याची नोंद घेणारा, आणि बाळ हलले की दाबायचे बटण हातात दिले. कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येत होती. वरची रेघ ठोक्यांची. ती बहुतेक वेळ १३० ते १५० च्या दरम्यान होती आणि ११० ते १६० हे सर्वसाधारण मानतात. खालच्या रेघेवर कळांचे छोटे उंचवटे उमटत होते. त्या उंचवट्यांची उंची पाहून घाबरायचे नसते, कारण ती पट्टा किती घट्ट बांधला आहे यावरही अवलंबून असते. त्यांची वारंवारता तेवढी पाहायची.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना घेतला. त्यासाठी सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची असते, तसे केले नाही तर नमुना दूषित होऊन पुन्हा द्यावा लागतो. आतील तपासणी करण्यापूर्वी त्यांनी एक स्वॅब घेतला. तो आधीच घ्यावा लागतो, कारण बोटाने तपासल्यानंतर त्याच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मग सोनोग्राफीने पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची, लांबी मोजली. ती ३४ मिलिमीटर होती. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असती तर मुदतपूर्व प्रसूतीची काळजी वाढली असती. वार सुटू लागली असेल तर पोट दोन कळांच्या मध्येही सैल पडत नाही आणि सतत दुखते, कधी रक्त बाहेर न दिसताही. माझे पोट मधल्या वेळात पूर्ण सैल पडत होते, हे त्यांनी दोनदा तपासून पाहिले.

गरज पडलीच तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, याची माहिती आणि संमतिपत्र त्यांनी त्याच वेळी समोर ठेवले. मध्यरात्री असा कागद हातात आला की प्रसूती होणारच असे वाटते. मी तसे विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता द्यायची नाहीत. पण पहाटे द्यायची वेळ आली तर तुम्ही वाचलेले असावे, म्हणून आता देतो आहे.” मी कागद पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

रात्रभर निरीक्षणासाठी ठेवले. शिरेतून सलाइन दिले, दर काही तासांनी पट्टे बांधले, पहाटेपर्यंत कळांमधले अंतर वाढत गेले आणि सकाळी त्या थांबल्या. स्वॅबचा निकालही चांगला आला, म्हणजे लगेचच्या दिवसांत प्रसूती होण्याची शक्यता फारच कमी होती. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर तोंडाची लांबी, ठोक्यांच्या नोंदी आणि पुन्हा कधी यायचे याच्या खुणा लिहिलेल्या आहेत ना, हे पाहून घेतले. विमा असेल तर निरीक्षणासाठी ठेवलेला काळ भरती म्हणून धरतात की नाही, हे बिल होण्यापूर्वीच विचारावे. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे यावर परतावा अवलंबून असू शकतो.

दोन दिवसांनी लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल आला आणि कारण सापडले : मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. मला जळजळ नव्हती, ताप नव्हता. वारंवार लघवीला लागत होते, पण ते सातव्या महिन्याचेच असेल असे समजले जाते. गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने आणि संप्रेरकांनी मूत्रमार्ग सैलावतो, लघवी तुंबते आणि संसर्ग कोणतेही लक्षण न दाखवता होऊ शकतो. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी-ताप आणि पाठदुखी येते, आणि गर्भाशयही त्याने चाळवते. गरोदरपणात चालणारे प्रतिजैविक दिले, ते बरे वाटल्यावरही पूर्ण संपवले आणि त्यानंतर पुन्हा कल्चर करून संसर्ग गेल्याची खात्री करून घेतली. कळा पुन्हा आल्या नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर, छत्तिसाव्या आठवड्यात, उजव्या बरगडीखाली दुखू लागले. नोंदीत लिहिण्याआधीच फोन केला, कारण विसाव्या आठवड्यानंतर या जागेचे दुखणे, विशेषतः डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा चेहरा-हात अचानक सुजले असतील, तर प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचे, असू शकते. रक्तदाब १४०/९० च्या खाली होता, लघवीत प्रथिने नव्हती, यकृताच्या आणि प्लेटलेटच्या तपासण्या ठीक आल्या, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले नाहीत. बाळाचे पाय तिथे होते आणि बरगड्यांवर ताण येत होता. एका दुपारभर थांबावे लागले, पण बाळाच्या पायांमुळे होणाऱ्या दुखण्यासाठी इतक्या तपासण्या कशाला, असे तिथे कोणी म्हणाले नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, एकोणचाळिसाव्या आठवड्यात, पहाटे कंबरेतून सुरू होऊन पुढे येणाऱ्या कळा लागल्या. कोमट पाण्याने अंघोळ केली, फेऱ्या मारल्या, आडवी झाले. कशानेही त्या कमी होईनात, अंतर घटत गेले आणि जोर वाढत गेला. मी स्वतःच पोटावर हात ठेवून पाहिले आणि फोनवर सांगितले : कपाळासारखे लागते आहे, पाच मिनिटांनी, एक तासापासून. पलीकडून “निघा” एवढेच उत्तर आले. मुलगी त्याच दिवशी संध्याकाळी झाली.

प्रसूतीनंतरही पोटदुखी संपत नाही हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. बाळाला पाजायला घेतले की काही दिवस ओटीपोटात कळा येत. दूध पाजताना स्रवणारे ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करते आणि त्यामुळे रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्या कळा आठवडाभरात ओसरल्या. वाढत जाणारे दुखणे, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर मात्र लगेच दाखवायचे असते. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या नोंदी शेवटच्या वेळी चाळल्या आणि फाइलमध्ये लिहून ठेवले की पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत लघवीचे कल्चर करावे आणि लक्षणे नसली तरी अधूनमधून पुन्हा तपासावे. त्या पानाची प्रत मी मागून घेतली आहे.